तंबाखू सोडताना मन अडतं, तिथे काय करायचं: तयारीपासून घसरण सावरण्यापर्यंतचा क्रम

तंबाखू वाईट, हे खाणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. पुडीवरचं चित्र तो दिवसातून अनेकदा बघतो. तरीही निश्चय तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढासळतो, कारण क्रम उलटा लागलेला असतो. आधी शपथ घेतली जाते, मग पुडी फेकली जाते, आणि मनात उभे राहिलेले ‘पण’ सगळ्यात शेवटी, तलफ चढलेली असताना समोर येतात. त्या घटकेला त्यांच्याशी वाद घालून जिंकणं फार अवघड असतं.

मनाच्या या विरोधाकडे बघण्याची नजर आधी बदलावी लागते. प्रत्येक ‘पण’च्या मागे तंबाखू तुमच्यासाठी करत असलेलं एखादं काम असतं. कुणाचं पोट साफ होतं, कुणाची रात्रपाळी निघते, कुणाला पारावर बसायला निमित्त मिळतं. त्या कामाची दुसरी सोय लागली की विरोध सैल पडतो. सोय न लावता केलेला निश्चय केवळ जोरावर टिकवावा लागतो, आणि जोर रोज सारखा नसतो.

खाली दिलेला क्रम चघळायची तंबाखू, विदर्भातला खर्रा, नगरकडचा मावा, गुटखा आणि मिसरी या सगळ्यांसाठी आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाही मनाचा भाग जसाच्या तसा लागू पडतो.

## सुरुवातीआधी: काय लागेल

खिशात मावेल अशी वही आणि पेन. तयारीसाठी साधारण दोन आठवडे. आणि एक माणूस, ज्याला तुम्ही रात्री दहा वाजताही फोन करू शकता आणि जो उपदेश करणार नाही. बायको किंवा मुलगा हाच तो माणूस असला पाहिजे असं नाही. घरच्यांशी या विषयावर आधीच बरीच भांडणं झालेली असतात, म्हणून पुष्कळदा मित्र किंवा पूर्वी तंबाखू सोडलेला एखादा सहकारी जास्त उपयोगी पडतो.

तयारीच्या काळात तंबाखू चालू राहील. ‘आज वही आणली, म्हणजे आजपासून बंद’ असं करू नका.

आधी हे तपासा: उजेडात आरशासमोर तोंड उघडून गालाच्या आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेत गाठ, किंवा स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जाणार नाहीत इतकं तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर दंतवैद्याकडे किंवा जिल्हा रुग्णालयात लगेच जा. ‘आधी सोडतो, मग दाखवतो’ हा उशीर महागात पडतो.

## टप्पा १: मनातले ‘पण’ कागदावर उतरवा

यासाठी अर्धा तास काढा, आणि तोही तलफ नसताना. तंबाखू खाऊन थोडा वेळ झालेला असताना बसलात तरी चालेल. तलफेत लिहिलं तर एकच वाक्य सगळी जागा व्यापतं.

‘सोडली असती, पण…’ असं लिहून वाक्य पूर्ण करा. किमान आठ वाक्यं हवीत. नेहमी दिसणारी काही अशी:

- पण खाल्ल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही.
- पण रात्रपाळीला डोळे मिटतात.
- पण मिसरी लावली नाही की दात ठणकतात.
- पण चारचौघांत नाही म्हटलं तर वाईट दिसतं.
- पण आमचे आजोबा खाऊनही नव्वद वर्षं जगले.
- पण आता या वयात सोडून काय फरक पडणार?
- पण मागे दोनदा सोडली होती, माझ्याच्याने होत नाही.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली म्हणजे वाक्य लिहिताक्षणी शेजारी उत्तर लिहायचं. उत्तर दिलं की मन पुढचा ‘पण’ सांगायचं थांबतं, आणि जो सांगितला गेला नाही तोच नंतर आडवा येतो. दुसरी चूक म्हणजे डॉक्टरांना दाखवायला बरी दिसतील अशी वाक्यं लिहिणं. ‘घरात सगळे बोलतात, मग मीही मुद्दाम खातो’ हे खरं असेल तर तेच लिहा.

दुसऱ्या दिवशी यादी पुन्हा वाचा आणि प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करा: शरीराचं, माणसांचं, की स्वतःबद्दलचं. आजोबांसारखं वाक्य कुठेच बसत नाही. अशा वाक्याला एक प्रश्न विचारा: ‘हे खरं नसतं, तर मी उद्या सोडली असती का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या वाक्याखाली दुसरं काहीतरी दडलंय. आजोबांच्या वाक्याखाली फार वेळा भीती सापडते, की प्रयत्न करून फसलो तर घरात तोंड कसं दाखवायचं. ती भीती यादीत लिहा आणि आजोबांना वगळा.

## टप्पा २: चार दिवसांची नोंद

सलग चार दिवस, त्यात एक सुट्टीचा किंवा बाजाराचा दिवस येईल असे निवडा. तंबाखू तोंडात टाकण्याआधी पाच गोष्टी लिहा: वेळ, जागा, सोबत कोण, आधी काय चाललं होतं, आणि गरज किती वाटली (० ते १०). नंतर आठवून लिहिलेली नोंद निरुपयोगी असते, कारण गरजेचा आकडा तंबाखू खाल्ल्यावर बदलतो.

या चार दिवसांत मुद्दाम कमी खाऊ नका. खरं चित्र हवंय.

नोंद वाचली की बहुतेकांना दिसतं, की ७ च्या वरची गरज दिवसातून तीन-चार वेळाच असते. बाकीच्या वेळी हात सवयीने खिशात गेलेला असतो: चहा संपला म्हणून, कुणी मळायला घेतली म्हणून, गाडी सुरू करताना. या दोन गटांना उपाय वेगळे लागतात.

याच वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. उठल्यावर किती मिनिटांत पहिली चिमूट जाते? रस गिळता का? झोपताना तोंडात ठेवता का? अर्ध्या तासाच्या आत पहिली, किंवा उरलेल्या दोनांपैकी एकाला जरी ‘हो’ असेल, तर शरीराचं अवलंबन घट्ट आहे असं धरा आणि टप्पा ६ मधली औषधाची तयारी टाळू नका.

## टप्पा ३: अंगाची ओढ आणि मनातलं वाक्य वेगळं करा

आपण ‘तलफ’ म्हणतो त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात.

एक अंगातली. तंबाखूत चुना मिसळला की मिश्रण अल्कधर्मी होतं आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जातं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं, म्हणून दिवसभर ठरावीक अंतराने हात पुडीकडे वळतो. पूर्ण बंद केल्यावर काही तासांतच चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं, झोप मोडणं, भूक वाढणं, बद्धकोष्ठ असा त्रास सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा उतरतो. एकेक उमाळा मात्र काही मिनिटांचाच असतो. वर चढतो, थोडा थांबतो, खाली येतो.

दुसरी मनातली: त्या उमाळ्याबद्दल आपण स्वतःला सांगतो ते वाक्य. ‘आता सहनच होत नाही.’ ‘हे असंच वाढत जाणार.’ ‘एवढं काम झालं की एकदा खाल्लीच पाहिजे.’ अंगातला उमाळा दहा मिनिटांत ओसरला असता, पण वाक्य त्याला तासभर धरून ठेवतं.

दोन दिवस फक्त ओळखायचा सराव करा. तलफ आली की आधी अंगाकडे बघा: जबडा आवळलाय का, तोंडाला पाणी सुटलंय का, हात कुठे चाललाय. मग मनात कुठलं वाक्य फिरतंय ते शब्दशः लिहा. मग हवी तर खा. वाक्य सापडलं की या टप्प्याचं काम झालं.

## टप्पा ४: वाक्य फिरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तंबाखू सोडू बघणारे नेमका हाच टप्पा वगळतात, किंवा ‘मी खंबीर आहे, मला काही होणार नाही’ असं वाक्य पाठ करून मोकळे होतात. असं वाक्य पहिल्याच उमाळ्याला खोटं ठरतं, कारण काहीतरी होतंच. आणि एकदा खोटं ठरलेल्या वाक्यावर मन पुन्हा विश्वास ठेवत नाही.

फिरवलेल्या वाक्यात तीन गोष्टी हव्यात. त्रास नाकारलेला नसावा. ‘खाल्लीच पाहिजे’सारखा हट्ट काढलेला असावा. आणि तुमच्याच आयुष्यातला पुरावा जोडलेला असावा.

‘सहनच होत नाही.’ तपासा: न खाता सगळ्यात जास्त वेळ कधी राहिलात? सासऱ्यांसमोर दोन दिवस खाल्ली नव्हती, दवाखान्यात आईजवळ रात्र काढली, परीक्षेच्या पेपरला तीन तास बसलात. फिरवलेलं वाक्य: ‘त्रास होतोय. पण सासुरवाडीला दोन दिवस काढलेत, ही दहा मिनिटंही निघतील.’

‘माझ्याच्याने होत नाही, दोनदा बघितलं.’ तपासा: त्या दोन वेळी किती दिवस निघाले आणि कशाने मोडलं? सोळाव्या दिवशी लग्नघरात मोडलं असेल, तर सोळा दिवस जमलं होतं आणि लग्नघराची तयारी नव्हती. फिरवलेलं वाक्य: ‘सोळा दिवस मला जमतात. अडतं ते कार्यात, त्याची तयारी या वेळी आहे.’

‘या वयात काय फरक पडणार?’ इथे मन कॅन्सरचं बोलतं, पण फरक त्याआधीही दिसायला लागतो: तोंडाची चव, हिरड्या, तोंडाचा वास, नातवाला जवळ घेताना चूळ भरायला न जावं लागणं. त्यातलं तुम्हाला लागू पडेल तेच घ्या. फिरवलेलं वाक्य: ‘सगळं भरून निघणार नाही. पण नातवाला आज जवळ घेता येईल.’

‘एवढ्या ताणात तर खाल्लीच पाहिजे.’ नोंदवही उघडा. खाल्ल्यावर कर्जाचा हप्ता, साहेबांचं बोलणं, पावसाची ओढ यातलं काय बदललं? बदललं ते इतकंच, की निकोटिन उतरल्याने आलेला अस्वस्थपणा गेला. फिरवलेलं वाक्य: ‘ताण आहेच. त्यावर तलफेची भर नको.’

वाक्य आपल्या बोलीत लिहा, पुस्तकी भाषेत नको. मग मोठ्याने म्हणा आणि १० पैकी किती पटतं ते विचारा. सातपेक्षा कमी पटत असेल तर वाक्य फार मोठा दावा करतंय. त्याला लहान करा.

### वाक्याला पुरावा मिळवून द्या

पाच दिवस, रोज एकदाच, मध्यम तलफ (५-६) असताना दहा मिनिटं थांबा. घड्याळ लावा. थांबताना फिरवलेलं वाक्य म्हणा आणि दर दोन मिनिटांनी तलफेचा आकडा लिहा. दहा मिनिटांनी हवी तर खा. दुसऱ्या दिवशी पंधरा, मग वीस, असं वाढवा. उमाळा आपणहून उतरतो हे तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं असलं, की तंबाखू सोडल्यावर तिसऱ्या दिवशीच्या रात्री त्या ओळी वाचता येतात.

इथे हे तपासा: ० ते १० मध्ये दोन आकडे द्या. सोडणं मला किती महत्त्वाचं आहे? आणि जमेल याची किती खात्री आहे? समजा खात्री ४ आली. आधी विचारा, ‘मग २ का नाही?’ याचं उत्तर म्हणजे तुमच्याकडे आज असलेलं बळ. ते लिहा. मग विचारा, ‘५ किंवा ६ व्हायला काय लागेल?’ याचं उत्तर म्हणजे पुढच्या टप्प्याचं काम. ‘१० का नाही?’ असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नाला मन पुन्हा सगळे ‘पण’ मोजून दाखवतं.

## टप्पा ५: प्रत्येक कामाची दुसरी सोय

यादीतल्या शरीराच्या आणि माणसांच्या वाक्यांपुढे एकेक सोय लिहा. सोय सोडण्याच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सुरू व्हायला हवी. त्याच दिवशी सुरू केली तर तिचा गुण दिसायच्या आत धीर सुटतो.

पोट. रात्री झोपण्यापूर्वी एक ते दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात घालून फुगायच्या आत पिऊन टाका, वर आणखी पाणी प्या. कमी पाण्यात घेतलं तर उलट घट्ट होतं. सकाळी दोन पेले कोमट पाणी, दहा मिनिटं चालणं, आणि कळ आली नाही तरी रोज त्याच वेळी शौचाला बसणं. गिळायला त्रास असणाऱ्यांनी आणि आतड्याचा आजार असणाऱ्यांनी इसबगोल डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. इतर गोळ्या चालू असतील तर त्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर ठेवा.

रात्रपाळी. ड्यूटीआधी वीस मिनिटांची डुलकी, दर तासाला पाच मिनिटांची फेरी, तोंडावर गार पाणी, जवळ फुटाणे. दिवसाची झोप पुरी नसेल तर यातलं काहीच पुरणार नाही, म्हणून सोय आधी तिथे लावा.

दात. मिसरीने दात बरे होत नाहीत, दुखणं झाकलं जातं. म्हणून दंतवैद्याची भेट सोडण्याच्या दिवसाआधीच घ्या. कीड किंवा हिरडीचा आजार तसाच ठेवून मिसरी बंद केली तर चौथ्या दिवशी ठणक लागते, आणि डबी पुन्हा उघडायला तेवढं कारण पुरतं.

मिसरीबद्दल आणखी एक. कित्येक घरांत बाई पहाटे मिसरी लावून मागच्या दारी बसते, आणि दिवसातली तेवढीच दहा मिनिटं तिची स्वतःची असतात. तिला हाक मारायची नाही हे घराला ठाऊक असतं. मिसरी सोडताना ती दहा मिनिटं गेली, तर तिचा विरोध पूर्णपणे रास्त आहे. म्हणून जागा तीच, वेळ तीच, दहा मिनिटं तशीच ठेवा. ब्रश करा, चहा घेऊन बसा, आणि मधे कुणी काम सांगायचं नाही हे घरात आधीच ठरवा.

तोंडाचा चाळा. बडीशेप, लवंग, वेलदोडा, ओवा, भाजलेले जवस, सुकवलेला आवळा. छोट्या डब्या भरून तंबाखू ठेवायच्या त्याच खिशात ठेवा.

सावधान: तंबाखूच्या जागी सुपारी, गोड सुपारी किंवा पानमसाला घेऊ नका. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे आणि तोंड आखडण्याचा आजार तिनेच होतो. मावा-खर्रा खाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. त्यांना तंबाखू आणि सुपारी अशा दोन सवयी एकदम सोडायच्या आहेत. पूर्वी तंबाखू खाणाऱ्याने मिसरीवर येणं हेही सोडणं नव्हे.

## टप्पा ६: दिवस ठरवा, आदली संध्याकाळ नीट वापरा

पुढच्या दहा दिवसांतला एक दिवस. घरात कार्य, कारखान्याचा हंगाम ऐन भरात, मुलांची परीक्षा, ऊस तोडणीला, असे दिवस टाळा. पण ‘सगळं निवांत झाल्यावर’ असाही दिवस ठरवू नका. तारीख वहीत लिहा आणि त्या एका माणसाला सांगा.

शपथेबद्दल. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून किंवा देवळात घेतलेली शपथ पुष्कळांना धीर देते, पण तिच्यात एक धोका आहे. एक चिमूट गेली की शपथ मोडली, आणि मग लपवाछपवी सुरू होते. वारकरी माळ घालून तंबाखू सोडतात आणि पुष्कळांची कायमची सुटते. त्यामागे माळेसोबत आलेल्या गोष्टीही असतात: रोजचा हरिपाठ, एकादशी, न खाणाऱ्यांची संगत, आणि नको म्हणायला ‘माळ आहे’ हे दोन शब्द, ज्यावर कुणी आग्रह करत नाही. शपथ घ्यायचीच असेल, तर तिच्याबरोबर असा रोजचा नेम आणि अशी संगतही घ्या.

औषधाची तयारी. पुडीवरच १८००-११-२३५६ हा मोफत फोन नंबर छापलेला असतो. हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा नंबर आहे. दिवस ठरला की तिथे बोला किंवा जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात जा. निकोटिनचा च्युइंगम २ मिलिग्रॅमचा औषधाच्या दुकानात मिळतो. ४ मिलिग्रॅमचा डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यावा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, आणि तोंडात जखमा असणारे यांनी २ मिलिग्रॅमचाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

च्युइंगम चुकीचा खाणारे फार. साध्या गमसारखा चघळत राहिलं की निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते, आणि माणूस ‘मला हे मानवत नाही’ म्हणून सोडून देतो. बरोबर रीत अशी: सावकाश चावा, तिखट चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबा आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवा. चव गेली की पुन्हा थोडा चावा, जागा बदलून ठेवा. एक गम साधारण अर्धा तास. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, थंड पेय, लिंबूपाणी नको, त्याने निकोटिन शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर कधीही नाही.

आदल्या संध्याकाळी: शर्टांचे खिसे, गाडीची डिकी, टेबलाचा खण, गोठ्यातला कोनाडा, पिशवीची चेन, सगळीकडून पुड्या आणि चुन्याच्या डब्या काढा. ‘अडीअडचणीला एक असू दे’ अशी ठेवलेली पुडी सापडायला मन पाच मिनिटंही घेत नाही. मिसरी भाजायचा तवा आणि डबीही घराबाहेर. टपरीवर उधारी असेल तर आजच फेडून टाका, म्हणजे उद्या तिथे थांबायचं कारण उरत नाही.

## टप्पा ७: पहिले तीन दिवस

या दिवसांत शिकायचं काही नाही, फक्त ठरलेलं करायचं. पाणी वारंवार, जेवण वेळेवर, चहा नेहमीच्या निम्मा. चहा आणि तंबाखू यांची जोडी असेल तर चहाची जागाच बदला. हिशेब, मीटिंग, भांडणाचे विषय शक्य तितके पुढे ढकला.

तलफ आली की क्रम असा: जागेवरून उठा, घड्याळ बघा, पाणी प्या, डबीतलं काहीतरी तोंडात टाका, वाक्य म्हणा, दहा मिनिटं हातांना काम द्या. तरीही आकडा ८ च्या खाली आला नाही तर ठरवलेल्या माणसाला फोन करा. फोनवर तंबाखूवर बोलायची गरज नाही, पावसापाण्याचं बोललात तरी वेळ निघतो.

तिसऱ्या दिवशी मन बहुधा म्हणतं, ‘तीन दिवस राहिलो, म्हणजे आता सवय गेली, एखादी खाऊन बघू.’ हा विचार कधी येणार हे आधीच ठाऊक असलं की तो हुकूम वाटत नाही. वहीत तिसऱ्या दिवसाच्या पानावर तो आधीच लिहून ठेवा.

लक्ष ठेवा: उदासी दोन आठवड्यांनंतरही उतरत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर वाट न बघता डॉक्टरांना भेटा.

## टप्पा ८: पार, टपरी, ड्यूटी

‘मळ की जरा’ म्हणून हात पुढे येतो तेव्हा उत्तर तोंडात तयार असायला हवं. ‘सोडायचा प्रयत्न चाललाय’ असं म्हटलं की समोरच्याला आग्रहाला जागा मिळते, ‘मग आज एक घे, उद्यापासून सोड.’ ‘नको, मी खात नाही’ एवढंच म्हणा आणि लगेच दुसरा विषय काढा: ‘आप्पा, मोटर लागली का तुमची?’ कारण देत बसलात तर वाद होतो.

पहिले दोन आठवडे पारावरचं बसणं कमी करा, पण तोडू नका. माणसं तुटली की मन पुन्हा तंबाखूकडे वळतं, कारण तीच त्या माणसांकडे जायची वाट होती. सगळे मळायला लागले की तेवढी दहा मिनिटं उठून फिरून या. देणंघेणं दोन्ही बंद ठेवा. दुसऱ्यासाठी मळून देताना हाताला लागलेला वास पुरेसा असतो.

### घरच्यांनी काय बोलावं

जेवढा जोर घरचे लावतात तेवढाच जोर तो माणूस न सोडण्याच्या बाजूने लावतो. ‘अहो, किती वेळा सांगायचं, कॅन्सर होईल’ याला उत्तर म्हणून त्याच्या तोंडून आजोबाच निघतात. त्याऐवजी विचारा: ‘सोडली तर तुम्हाला सगळ्यात जड काय जाईल?’ आणि उत्तर आलं की खोडून न काढता ऐका. मुलांनी बापाच्या खिशाची झडती घेऊ नये. तोंडाचा वास घेऊन बघणं, टपरीवाल्याला विचारणं हेही नको. दिवस मोजून टाळ्या वाजवण्यापेक्षा जेवण वेळेवर आणि पहिले तीन दिवस घर शांत, एवढं मिळालं तर फार आहे.

## टप्पा ९: घसरण झाली तर

एक चिमूट खाल्ली गेली. इथे दोन वाटा फुटतात, आणि कुठली धरली जाईल हे त्या चिमटीपेक्षा नंतरच्या वाक्यावर ठरतं. ‘गेलं सगळं, आता काय उरलं’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत पुडी संपते. म्हणून घसरणीचं वाक्यही आधीच लिहून ठेवा: ‘एकदा खाल्ली. पुढची खायची नाही.’

मग याच क्रमाने: तोंडातली थुंका, चूळ भरा. उरलेली पुडी मातीत किंवा पाण्यात टाका, कुणाला देऊ नका. त्या माणसाला त्याच दिवशी सांगा. रात्री वहीत पाच रकाने पुन्हा भरा: वेळ, जागा, सोबत, आधी काय चाललं होतं, गरज किती. बहुतेक वेळा असं दिसतं, की त्या प्रसंगाची सोय टप्पा ५ मध्ये लावलीच नव्हती. तेवढी सोय आता लावा. तारीख पुन्हा ठरवायची नाही, दिवस पुन्हा एकपासून मोजायचे नाहीत, उद्या सकाळी तोच क्रम चालू. आठवड्यात तीनदा घसरण झाली तर मात्र च्युइंगमचं प्रमाण आणि रीत पुन्हा तपासा आणि तंबाखूमुक्ती केंद्रात बोला. डॉक्टर इतर औषधंही देऊ शकतात.

पहिल्या महिन्यानंतर तलफ क्वचित येते, पण अचानक येते. लग्नाची पंगत उठल्यावर, मयताला बसलेलं असताना, दारू घेतल्यावर, जुना मित्र भेटल्यावर. दारूच्या बैठकीला पहिले तीन महिने जाऊच नका. तिथे फिरवलेलं वाक्य आठवत नाही. कार्याला किंवा मयताला निघण्याआधी खिशात बडीशेपेची डबी आहे ना ते बघा, तिथे न खाणारा कोण असेल त्याच्या शेजारी बसायचं ठरवा, आणि वहीतलं एकच पान वाचून निघा, ज्यावर तलफेचे दहा मिनिटांचे आकडे तुमच्या हाताने उतरत गेलेले आहेत.